कॅश क्रेडिटचा पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

प्रश्न (यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड, सोलापूर) : टॉवेलचा माल रवाना झाल्यावर पैसे यायला तीन-तीन महिने लागतात आणि तोवर सूत व मजुरी कॅश क्रेडिटवरच (ठरलेल्या मर्यादेत हवे तेव्हा उचलता येणाऱ्या बँक कर्जावरच) भागवावी लागते. हा पैसा बँक इतर ठेवीदारांच्या खात्यांतून काढून देते का?

उत्तर १ : नाही. आपण सूत व्यापाऱ्याला चेक देता तेव्हा आपल्या नावावर कर्ज आणि त्याच्या खात्यात ठेव अशा नोंदी होतात, आणि कोणाचीही जुनी ठेव कमी न होता नवा पैसा चलनात येतो. टॉवेलचे पैसे जमा होऊन कर्ज उतरले की तेवढा पैसा नाहीसा होतो. मात्र बँकेवर भांडवलाची, रोख राखीव निधीची (ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो त्याची) आणि मुख्य म्हणजे परतफेड करू शकणारा कर्जदार मिळण्याची मर्यादा असतेच.

उत्तर २ : खुलासा अचूक आहे, परंतु आपली खरी अडचण वसुलीची दिसते. फार जुनी उधारी बँका सहसा उचल मर्यादेत (माल व येणी पाहून किती रक्कम उचलता येईल त्या हिशेबात) धरत नाहीत, त्यामुळे नेमकी गरज असतानाच हात आखडतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी (सरकारकडील लघुउद्योग नोंदणी) असेल, तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार करार काहीही असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही. त्यानंतर त्याला रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. ही अट बिलावरच छापून घ्यावी.

प्रश्नकर्ता : नोंदणी आहे. पुढच्या बिलापासून छापतो.