शब्दचर्चा: ‘बूट होत नाही’ म्हणजे नेमकं काय होत नाही?

दांडियाबाजारकर
विंडोज असलेल्या लॅपटॉपवर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचं चार पानी मराठी टिपण करायचं आहे. वाचणारी मंडळी बडोद्यातली: घरात मराठी, बाजारात गुजराती, स्क्रीनवर इंग्रजी. गाडी तीन शब्दांवर अडली आहे. ‘फर्मवेअर’ला ‘दृढसामग्री’ चालेल का? ‘बूट’ला, म्हणजे संगणक सुरू होण्याला, ‘आरंभन’? आणि नव्या लॅपटॉपमधल्या त्या सेटिंगच्या स्क्रीनला ‘बायोस’ म्हणणं चूक आहे का?

रावपुरेकर
दृढसामग्री नको. ‘फर्मवेअर’ हा शब्द ॲशर ओपलर यांनी 1967 साली काढला, तोही प्रोसेसरच्या आतल्या मायक्रोकोडसाठी (प्रोसेसरच्या स्वतःच्या बारीक सूचनांसाठी). हार्डवेअरइतकं घट्ट नाही आणि सॉफ्टवेअरइतकं सैल नाही, असा मधला अर्थ होता. मराठीत ‘दृढ’ म्हटलं की ‘बदलत नाही’ असंच कानावर पडतं, आणि इथे तर बऱ्याच तक्रारींवर पहिला उपाय फर्मवेअर अपडेट करणे हाच असतो. ‘फर्मवेअर’च ठेवा, नपुंसकलिंगी: ‘फर्मवेअर जुनं आहे’. पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ द्या: मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहणारा, डिस्कच्या आधी जागा होणारा प्रोग्राम.

‘बायोस’ बोलण्यात चालतो, टिपणात घोटाळा करतो. बायोस डिस्कचा पहिला 512 बाइटचा तुकडा उचलतो आणि तिथल्या कोडकडे कारभार सोपवतो. यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर, फॅट पद्धतीच्या एका छोट्या पार्टिशनमधली (डिस्कच्या वेगळ्या भागातली) फाइल नावानिशी शोधतं. म्हणून स्क्रीनला ‘फर्मवेअर सेटिंग’ म्हणा आणि ‘बायोस’ फक्त जुन्या पद्धतीसाठी राखा. त्या स्क्रीनवरच्या ‘लेगसी’चं ‘वारसा’ करू नका, कृपा करून. ‘जुनी पद्धत’ पुरे.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावापुढे ‘यूईएफआय’ लावून आणि एकदा नुसता. नुसता निवडला की लिनक्स जुन्या पद्धतीने बसतं, विंडोज मात्र नव्या पद्धतीचं, आणि एकाच मेनूतून दोन्ही सुरू करता येत नाहीत. बसवण्याआधी लाइव्ह (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) लिनक्समध्ये ‘सिस’ डिरेक्टरीतल्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ नावाचं फोल्डर आहे का ते बघायचं. नसेल तर तिथेच थांबून पुन्हा सुरुवात करायची.

मांडवीकर
‘बूट’ हा पायातलाच बूट, बरं का. मागची नाडी ओढून स्वतःलाच वर उचलायचं, ही ‘बूटस्ट्रॅप’ची कल्पना. कितीही तरबेज डोंबारी स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही, हा आपल्याकडचा जुना न्याय. तेच अशक्य काम यंत्र टप्प्याटप्प्याने करतं. फर्मवेअर बूटलोडर नावाच्या छोट्या प्रोग्रामला उठवतं, बूटलोडर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला. ‘आरंभन’मध्ये हे टप्पे गडप होतात. शिवाय दुकानात कोणी ‘आरंभन होत नाही’ म्हणणार आहे का?

खरी अडचण शब्दाची नाही, वाक्याची आहे. ‘बूट होत नाही’ हे ‘पोटात दुखतंय’सारखं झालं. कोणी कोणाला उठवलं नाही ते लिहा.

पेनड्राइव्ह यादीतच नाही: ‘फर्मवेअरला दिसत नाही’. बहुतेकदा आयएसओ फाइल (इंस्टॉलरच्या अख्ख्या डिस्कची प्रत) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केलेली असते, इमेज म्हणून लिहिलेली नसते. नाहीतर ‘फास्ट बूट’ चालू असतं आणि फर्मवेअर वेळ वाचवायला यूएसबी तपासतच नाही.

‘सिक्युरिटी व्हायोलेशन’ असा संदेश: ‘दिसतं, पण नाकारतं’. हे सहीचं प्रकरण: सिक्युअर बूट चालू असलं की फर्मवेअर ओळखीची सही असलेल्या बूटलोडरलाच उठवतं.

सगळं नीट बसलं, तरी थेट विंडोज येतं: ‘फर्मवेअर दुसऱ्यालाच उठवतं’. बूट ऑर्डरमध्ये लिनक्सची नोंद वर घ्यायची. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर त्याआधी सुपरवायझर पासवर्ड लावून बूटलोडरची फाइल ‘विश्वासू’ म्हणून निवडावी लागते.

‘ग्रब रेस्क्यू’ असा प्रॉम्प्ट (ग्रब हा लिनक्सचा नेहमीचा बूटलोडर): बूटलोडर उठला, पण त्याला आपलंच बाकीचं सामान सापडत नाही. पार्टिशन पुसलं किंवा त्यांचे क्रमांक बदलले की असं होतं.

ग्रबचा मेनू आला आणि मग काळी स्क्रीन: फर्मवेअर बहुतेक निर्दोष. कर्नलच्या ओळीत ‘नोमोडसेट’ घालून बघा, ग्राफिक्सचं आहे. इथे लोक तासभर सिक्युअर बूट चालू-बंद करत बसतात.

कारेलीबागकर
‘की’बद्दल. इंग्रजीत एका शब्दाचं तिघांशी लग्न लागलंय. कीबोर्डवरची ती कळ. सिक्युअर बूटमधली ती किल्ली (बडोद्यात ‘चावी’ म्हटलं तरी कोणी अडणार नाही). आणि बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की म्हणजे 48 अंकांची संख्या. तिला ‘कळ’ म्हटलं तर वाचणारा कीबोर्डवर शोधेल. फर्मवेअरमध्ये हात घालण्याआधी ती कागदावर उतरवून घ्यायची, कारण सिक्युअर बूट बदललं की विंडोज ती मागू शकतं.

‘सिग्नेचर’ला ‘सही’ उत्तम. ‘डिजिटल स्वाक्षरी’ लांबलचक होते. ‘या फाइलवर फर्मवेअरला ओळखीची सही नाही’, विषय संपला. ‘थर्ड पार्टी’चं ‘तृतीय पक्ष’ मात्र निवडणुकीतलं वाटतं. काही नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टची थर्ड पार्टी सही मान्य करणारा पर्याय मुळातच बंद असतो आणि लिनक्सचा ‘शिम’ (ग्रबच्या आधी उठणारा छोटा प्रोग्राम) त्याच सहीवर चालतो. सिक्युअर बूट पूर्ण बंद करण्याआधी हा पर्याय चालू करून बघा.

निळ्या स्क्रीनवरचं ‘एनरोल मॉक’ (मॉक म्हणजे यंत्राच्या मालकाची किल्ली): ‘किल्ली नोंदवा’. ही स्क्रीन बसवल्यानंतरच्या पहिल्या रीस्टार्टला येते आणि काही सेकंदांत कळ दाबली नाही तर निघून जाते. मग वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा बाहेरचा ड्रायव्हर ‘किल्ली नाकारली’ म्हणून चढत नाही, आणि दोष लिनक्सला.

दांडियाबाजारकर
‘फास्ट बूट’ आणि ‘फास्ट स्टार्टअप’ दोन्हींना ‘जलद सुरुवात’ लिहिलं होतं. चालेल?

रावपुरेकर
अजिबात नाही! पहिलं फर्मवेअरचं, दुसरं विंडोजचं. फास्ट स्टार्टअपमध्ये ‘शट डाउन’ केलेलं विंडोज खरं तर शीतनिद्रेत जातं, म्हणून लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. ‘शीतनिद्रा’ हा शब्द इथे चपखल आहे, जरूर वापरा. अनुवाद करायचाच तर असा.

इंस्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर स्टोरेज इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडीवर (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या खास पद्धतींवर) असेल. ते ‘एएचसीआय’ (सर्वसाधारण पद्धत) करायचं. पण क्रम पाळून: आधी विंडोजला सेफ मोडमध्ये (मोजक्या ड्रायव्हरवर) यायला सांगायचं, मग फर्मवेअरमध्ये बदल, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यायचं, मग सेफ मोडची सूचना काढायची. थेट बदललंत तर विंडोजच उठणार नाही.

मांडवीकर
‘पार्टिशन’ला ‘फाळणी’ लिहू नका एवढीच विनंती. पार्टिशनच राहू द्या. बूटलोडर राहतो ते फॅटचं छोटं पार्टिशन, म्हणजे ईएसपी, विंडोजने केलेलं असेल तर बहुधा 100 एमबीचं असतं. इंस्टॉलरमध्ये ते वापरायचं, पण ‘फॉरमॅट’ची खूण करायची नाही, विंडोजचा बूटलोडरही तिथेच राहतो.

कारेलीबागकर
बडोदा संस्थानाने 1931 साली कारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश काढला होता. त्याच पद्धतीने टिपणात एक तक्ता द्या: स्क्रीनवरचा शब्द, आपला शब्द, काय करायचं.

आणि ‘एफ10 दाबा’ एवढंच लिहू नका. एचपीवर एफ10 ने सेटिंगमध्ये शिरतात. डेल, एसरवर एफ2 ने शिरतात. आत गेल्यावर मात्र बऱ्याच ठिकाणी एफ10 म्हणजे ‘जतन करून बाहेर’. कुठली कळ, ती कुठल्या स्क्रीनवर, दोन्ही लिहा.