दादाने नाईट्समध्ये जावं का? घरच्या ग्रुपवरची चर्चा

दादा (आयोवा): जय येशू सगळ्यांना. एक विचारायचं होतं. आमच्या इथल्या चर्चमध्ये नाईट्स ऑफ कोलंबस या कॅथलिक पुरुषांच्या मदतसंस्थेची कौन्सिल, म्हणजे शाखा, आहे हे मागे सांगितलंच होतं, तर काल चर्चच्या हॉलमध्ये मासे तळून द्यायचा कार्यक्रम, फिश फ्राय, होता त्या वेळी त्यांचे ग्रँड नाईट, म्हणजे अध्यक्षच समजा, मला बाजूला घेऊन म्हणाले की तू आता मेंबर हो, आम्हाला माणसं हवीत. मी घरी विचारून सांगतो म्हटलं. मंगळवारी त्यांची मिटिंग आहे, त्याच्या आत काय ते कळवायचंय. माझं मन हो म्हणतंय पण तुमचं ऐकायचंय.

आत्या: बाळा परक्या मुलखात जे करशील ते जपून कर. तू त्यांच्या हॉलमधल्या भिंतीचा फोटो टाकलेलास ना, त्यात ते झगे, पिसांच्या टोप्या आणि तलवारी बघून मला धडकीच भरली होती. फ्रीमेसनसारखं काही गुप्त प्रकरण नाही ना हे? फ्रीमेसनांत जायला आपल्या चर्चची बंदी आहे एवढं मला माहितीय.

दादा (आयोवा): नाही आत्या, त्या बंदीमुळेच तर ही संस्था निघाली. त्या काळी तिकडे असल्या मंडळांत असलं की आजारपणाला, मयताला पैशाची मदत मिळायची, पण त्यातली बरीचशी कॅथलिक माणसाला चालायची नाहीत, मग आपल्या माणसांनी जायचं कुठे. म्हणून एका फादरांनी चर्चच्या तळघरातच मिटिंग घेऊन आपली वेगळी संस्था काढली. आणि तो फोटो जुना आहे. झगा आणि पिसांची टोपी जाणार हे 2017 ला जाहीर झालं, आता निळा ब्लेझर आणि काळी बेरे टोपी असते, तलवार फक्त फोर्थ डिग्रीवाल्यांची, म्हणजे संस्थेतल्या चौथ्या पायरीच्या मेंबरांची, बिशप वगैरे येतात तेव्हा दोन्ही बाजूंनी उभे राहून मान देतात. आधी मेंबर करून घ्यायचा विधी बंद दारामागे व्हायचा हे मात्र खरं आहे, पण 2020 पासून पहिल्या तीन डिग्र्या एकाच विधीत देतात आणि तो सगळ्यांसमोर होतो, बायकामुलं पण बसू शकतात.

आत्या: मग ठीक आहे. मला तेवढंच विचारायचं होतं.

मामा (नंदाखाल): आत्यांची शंका रास्त होती, विचारलेलं बरंच. आता त्या फादरांबद्दल मी सांगतो कारण मी यावर बरंच वाचलंय आणि मला तो माणूस फार जवळचा वाटतो. फादर मायकल मॅकगिव्हनी. 1852 चा जन्म, आईवडील आयर्लंडहून आलेले, वडील पितळेच्या कारखान्यात ओतकाम करायचे, घरात तेरा मुलं झाली आणि हा सगळ्यात थोरला. तेराव्या वर्षी शाळा सोडून हा पण कारखान्यात लागला, चमचे बनवायच्या खात्यात. पुढे सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायच्या शिक्षणाला गेला आणि 1873 ला वडील वारले, तेव्हा घर कसं चालणार हा प्रश्न याच्याच डोक्यावर आला. म्हणजे कमावता माणूस गेल्यावर घराचं काय होतं हे त्याने पुस्तकात नाही वाचलं, घरी बघितलं. 1877 ला फादर झाला आणि कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनच्या सेंट मेरीज चर्चला आला. तिथे रोज तेच, कारखान्यात काम करणारे आयरिश लोक, लवकर मरायचे, मागे बाई आणि पोरं, सरकारची मदत शून्य. एका घरात तर बाप गेल्यावर कोर्टाने सांगितलं की मुलांचा सांभाळ होईल याची हमी द्या नाहीतर मुलं आईपासून काढून घेऊ, हमीची रक्कम होती 2500 डॉलर त्या काळात, तर त्यातल्या एका मुलाचा पालक म्हणून हा फादर स्वतः कोर्टात उभा राहिला आणि एका किराणावाल्याने जामीन भरला.

मामा (नंदाखाल): त्याच सुमारास, ऑक्टोबर 1881 ला पहिली बैठक आणि 29 मार्च 1882 ला कनेक्टिकट राज्याकडून नोंदणी. योजना अगदी साधी, एक मेंबर वारला की बाकी प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा आणि विधवेला हजार डॉलरपर्यंत मिळायचे. मेंबर हजाराच्या वर गेले की प्रत्येकाचा वाटा डॉलरपेक्षा कमी होत जायचा. बस्स एवढंच. यातूनच सगळं उभं राहिलं, आज वीस लाखांवर मेंबर आहेत. फादर स्वतः 1890 ला न्यूमोनियाने गेले, फक्त 38 वर्षांचे होते. 31 ऑक्टोबर 2020 ला त्यांना धन्यवादित घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी.

बाबा: हे सगळं छान आहे पण आता ती मोठी विमा कंपनी झालीय असं ऐकलंय. मेंबर केला की पॉलिसी गळ्यात मारतात का? तुझ्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, दर महिन्याला इकडे पण पाठवतोस, उगाच भिडेखातर सही करू नकोस.

दादा (आयोवा): बाबा मी सरळ विचारलं त्यांना. पॉलिसी घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. वर्षाची वर्गणी असते, ती मोठी नाही. विम्याचा एजंट येऊन एकदा माहिती देईल, घ्यायची तर घ्या नाहीतर नको. मी आत्ता तरी घेणार नाही, आधीची आहे तीच चालू ठेवणार.

बाबा: बरं. मग माझी हरकत नाही.

छोटी: माझी आहे. दादा रागावू नकोस पण कोलंबसच्या नावाची संस्था? ज्या न्यू हेवनमध्ये ही सुरू झाली तिथल्याच पार्कातला कोलंबसचा पुतळा 2020 ला काढला. आणि 2008 ला कॅलिफोर्नियात समलिंगी लग्नं बंद करायच्या प्रस्तावाला यांनी दहा लाख डॉलरच्या वर पैसे दिले होते. माझ्या ऑफिसात जे माझे जवळचे लोक आहेत त्यांच्यातल्या दोघांसाठी हा विषय बातमीतला नाही, त्यांच्या आयुष्याचा आहे. तू तिथे बसणार आणि मी त्यांना काय सांगू?

दादा (आयोवा): रागावत नाही गं, तू हे विचारणार हे माहीत होतं आणि विचारलंस ते बरं झालं. ते पैसे वरच्या ऑफिसने दिले, ते खरं आहे, लपवण्यासारखं नाही. मला ते पटत नाही हे मी ग्रँड नाईटना पण बोललो, आमच्या गाडीच्या शेजारी उभं राहून. ते म्हणाले इथे सगळ्यांची सगळ्या विषयावर एक मतं नाहीत, तू येऊन बोल, मिटिंगमध्ये हात वर कर. मी गेलो तर गप्प बसायला जाणार नाही एवढं तुला सांगतो.

मामा (नंदाखाल): छोटे, नावाबद्दल एक बाजू बघ. 1882 चा काळ, तिकडे आयरिश आणि इटालियन कॅथलिकांना बाहेरचे म्हणून हिणवायचे, तुम्ही पोपचे गुलाम, तुम्ही अमेरिकन कसले. तेव्हा त्यांनी म्हटलं की ज्याला तुम्ही देशाचा शोध लावणारा म्हणून डोक्यावर घेता तो पण कॅथलिकच होता. कोलंबसाने तिथल्या मूळ लोकांवर काय अत्याचार केले ते आज आपल्याला कळतंय आणि तुझं म्हणणं खोटं नाही. पण त्या लोकांना त्या नावात आपली जागा मागायची होती. आणि पुढे 1922 ला ओरेगॉन राज्याने कायदा केला की सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच जायचं, त्याच्या मागे कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा मोठा हात होता, कॅथलिक शाळा बंद पाडायच्या होत्या. तेव्हा शाळा चालवणाऱ्या सिस्टर्सच्या बाजूने त्या खटल्याला नाईट्सनी पैसे पुरवले आणि 1925 ला सुप्रीम कोर्टात तो कायदा पडला. सगळ्याच आईबापांचा हक्क त्यात वाचला.

छोटी: हे मला माहीत नव्हतं मामा. तरी माझा प्रश्न तसाच आहे, पण दादा बोलणार म्हणतोय तर ठीक. निर्णय त्याचा.

दादा (आयोवा): आता मला का जावंसं वाटतंय ते सांगतो, लांब होईल, वाचा. आमचं गाव तुम्हाला व्हिडीओत दिसतं ना, एक मुख्य रस्ता, धान्याचे उंच कोठार, एक शाळा, दोनतीन चर्च. आमच्या फादरांकडे तीन गावांची चर्च आहेत, रविवारी एका ठिकाणची मिस्सा, म्हणजे चर्चची उपासना, संपवून गाडीत बसतात आणि पुढच्या गावाला जातात. म्हणजे फादर आठवडाभर आमच्याकडे नसतात, मग जे काही चालतं ते ह्या माणसांवर. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी मांस नाही म्हणून फिश फ्राय. चर्चच्या हॉलच्या मागे किचन आहे, तिथे हे सगळे सत्तरीचे आजोबा. एकाला गुडघ्याचा त्रास आहे तरी चार तास तळणीसमोर उभा. कॉड माशाचे तुकडे आधी कागदी टॉवेलने टिपून कोरडे करतात, नाहीतर पीठ धरत नाही, मग पिठात बुडवून जाळी तेलात सोडतात, आणि त्यांच्यातला जो सगळ्यात म्हातारा आहे तो घड्याळ बघत नाही, बुडबुड्यांचा आवाज बारीक झाला की जाळी वर काढतो. त्याने मला हे शिकवलं, आवाज ऐक म्हणाला. बाहेर गाड्यांची रांग, खिडकीतून डबा द्यायचा, मासा, फ्राईज, कोबीचं सॅलड. मेथडिस्ट, लुथेरन, काहीच न मानणारे, सगळे येतात. मांस पॅकिंगच्या कारखान्यात काम करणारी मेक्सिकन कुटुंबं पण येतात, ते इथल्या स्पॅनिश मिस्सेला असतात. अख्ख्या गावाला शुक्रवारी संध्याकाळी भेटायची ती एकच जागा आहे. पैसा येतो तो थंडीत मुलांना कोट द्यायला, गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या गावच्या फूड पॅन्ट्रीला, सेमिनरीतल्या मुलांना. मतिमंद मुलामाणसांसाठी पण ते दुकानासमोर पिवळे एप्रन घालून टूट्सी रोलच्या गोळ्या वाटत डबा फिरवतात.

दादा (आयोवा): आणि हे सगळं करणारी माणसं कमी होत चाललीत. मागच्या उपवासकाळात तळणीवर होते त्यातले काही आता नाहीत. तरुण पोरं शिकायला बाहेर जातात ती परत येत नाहीत. ते म्हणाले तुझ्यासारखे दोनचार जण आले नाहीत तर पुढच्या वर्षी तेल तापवणार कोण.

वहिनी: मी पण लिहिते. नोव्हेंबरात आमच्या रस्त्यावरचे एक काका गेले, ते नाईट होते. मी हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होते तेव्हा, त्यांच्या बायकोच्या शेजारी बसले होते, म्हणून मला सगळं माहीत आहे. मयताच्या आदल्या संध्याकाळी नाईट्स येऊन रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणून गेले, दफनाच्या दिवशी हॉलमध्ये जेवण केलं, ते तर करतातच. पण त्यानंतर जानेवारीत इथे बर्फ पडला की पहाटे मी रात्रपाळी संपवून घरी येते तेव्हा त्या काकींच्या दारापासून गाडीपर्यंतची वाट साफ केलेली असते, पायऱ्यांवर मीठ टाकलेलं असतं. पाळी लावलीय त्यांनी, यादी हॉलच्या फ्रिजवर चिकटवलीय. एकदा यादीतला माणूस आजारी होता तर माझ्या नवऱ्याला फोन आला, आणि हा गेला. काकींनी विम्याचे कागद पण मला दाखवले, एजंटने घरी बसून एकेक सही कुठे करायची ते दाखवलं, घाई केली नाही. मी नर्स आहे, मयतानंतर घरातल्या बाईला किती लवकर एकटं पाडतात ते मी रोज बघते.

आत्या: हे वाचून डोळ्यात पाणी आलं गं.

वहिनी: पण माझी एक तक्रार आहे आणि ती मी ग्रँड नाईटना पण सांगणार आहे. मेंबर फक्त पुरुष. हॉलमध्ये सॅलड चिरणाऱ्या, हिशोब बघणाऱ्या, केक भाजून आणणाऱ्या सगळ्या बायका, आणि मत द्यायला मात्र पुरुष. काही ठिकाणी बायकांचं वेगळं मंडळ असतं, कोलंबिएट्स म्हणतात, आमच्याकडे ते पण नाही. त्या फादरांनी हे सगळं विधवांसाठी सुरू केलं ना, मग त्या विधवेला मिटिंगमध्ये बसून आपल्याला काय हवंय ते सांगता यायला नको?

मामा (नंदाखाल): शंभर टक्के बरोबर. आपल्याकडे गरिबांना मदत करणाऱ्या विन्सेंट डी पॉलच्या मंडळात बायका बरोबरीने असतात. ते मंडळ तर 1833 ला पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने काढलं, आणि गरिबाच्या घरी कसं जायचं, काय बोलायचं हे त्या पोरांना शिकवलं सिस्टर रोझाली या बाईने. आम्ही आजही दोघं दोघं जातो घरभेटीला, एकटं कधी नाही. भाच्या, तुला एक सांगतो, नाईट्स पैसे जमवण्यात आणि हात राबवण्यात पक्के आहेत पण घरात जाऊन बसणं, ऐकणं, हे पण करा. बर्फ काढून निघून जाऊ नका, दार वाजवून चहा घ्या. त्या काकींना वाट साफ हवीच आहे, पण पाच मिनिटं बोलायला माणूस पण हवंय.

दादा (आयोवा): हे मी मंगळवारी सांगतो मामा. चांगलं आहे हे. यादीत वाट साफ करणाऱ्याचं नाव असतं तसं भेटायला कोण जाणार त्याचं पण लिहू, आणि त्यात बायकांची नावं येतीलच, हिचंच पहिलं.

छोटी: हे केलंस तर मी माझ्या ऑफिसातल्यांना सांगेन तुझ्याबद्दल.

बाबा: आणि त्या मेक्सिकन लोकांना विचारलंय का कोणी? ते पण कॅथलिक, तरुण, कष्टाळू. माणसं नाहीत म्हणून रडतायत आणि हे लोक स्पॅनिश मिस्सेला येतात म्हणतोस.

दादा (आयोवा): बाबा हे तुम्ही बरोबर पकडलंत. इंग्रजी मिस्सेचे आणि स्पॅनिश मिस्सेचे लोक मासा घेताना एकमेकांना हसून बघतात आणि तेवढंच. आयरिश आले तेव्हा ते बाहेरचे होते, आता त्यांचीच नातवंडं पतवंडं आम्हाला बोलावतायत, तर मी गेल्यावर मला पहिलं काम हेच करायचंय. पॅकिंगच्या कारखान्यातला एकजण माझ्या ओळखीचा आहे, त्याची मुलगी आपल्या बाबूच्या वर्गात आहे, त्याला मी उद्याच मिस्सेनंतर गाठतो. एकटा जाण्यापेक्षा दोघं मिळून फॉर्म भरू.

आत्या: जा बाळा. आमची प्रार्थना आहे. आणि तळणीपाशी लांब बाह्यांचा शर्ट घाल, मागच्या वेळी हातावर तेल उडालं होतं तुझ्या.

वहिनी: घालायला लावते आत्या. ऐक ना, येत्या शुक्रवारी माझी ड्युटी तीनला सुटते, मी थेट हॉलवर येते. बाबूला शाळेतून तूच आण, आणि येताना कोबी घेऊन ये, मागच्या वेळी सहालाच संपला होता.