माजघराच्या रंगाने मनःस्थितीत खरोखर फरक पडतो का?

कुळागरवासी (फोंडा):
आमचे घर फोंडा तालुक्यात कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, लागून आहे. भिंती चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या), जमीन लाल सिमेंटची आणि माजघराला उत्तरेकडे एकच खिडकी, त्यामुळे पावसाळ्यात तिथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. सासूबाईंचा बहुतेक दिवस याच खोलीत जातो आणि आषाढ-श्रावणात त्या फार उदास असतात. गणेश चवथीपूर्वी घर रंगवायचे आहे. रंगारी म्हणतो की आकाशी रंगाने मन शांत राहते, तर दिरांचे मत गडद पिवळ्याने उत्साह येतो असे आहे. अशा समजुतींना काही आधार आहे का? आम्ही कोणता रंग निवडावा?

सजावटकार (मडगाव):
ताई, आधार आहे. परंतु ‘निळा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे आनंदी’ इतका तो सरळ नाही. वाल्डेझ आणि मेहराबियन यांच्या १९९४ मधील अभ्यासात रंग निळा की पिवळा यापेक्षा तो किती उजळ आणि किती भडक आहे, याचा भावनांवरील परिणाम अधिक ठळक दिसला. उजळ रंग सुखद वाटले, भडक रंगांनी मन उत्तेजित झाले. अर्थात ते प्रयोग रंगांच्या लहान तुकड्यांवर झाले होते, चार भिंतींच्या आत दिवस काढणाऱ्या माणसावर नव्हेत.

तुमच्या खोलीत मला रंगाआधी प्रकाशाची चिंता वाटते. उत्तरेकडचा ढगाळ उजेड मुळातच निळसर असतो आणि पोफळींच्या झावळ्यांतून येताना त्यात हिरवट झाक मिसळते. अशा उजेडात आकाशी भिंत राखाडी भासेल आणि गडद पिवळी हिरवट, आजारी दिसेल. शिवाय लाल जमिनीची छाया भिंतीच्या खालच्या भागावर पडेल ती वेगळीच. त्यामुळे दुधाच्या सायीसारखा, किंचित पिवळसर पांढरा रंग मी सुचवीन. माजघरावर थेट कौले असतील, तर त्यांत दोन-चार काचेची कौले बसवून घ्या. रंगाच्या कोणत्याही डब्यापेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल, असे माझे मत आहे.

वाचक (म्हापसा):
रंगाऱ्याच्या ‘शांत रंगा’वरून आठवले. १९७९ मध्ये अमेरिकी नौदलाच्या सिएटल येथील तुरुंगात एका विशिष्ट गुलाबी रंगाने कैदी शांत होतात, असा दावा झाला होता आणि तो फार गाजला. पुढील प्रयोगांत त्याला नीट दुजोरा मिळाला नाही.

कुळागरवासी:
आभारी आहे. काचेच्या कौलांचे आम्हाला सुचलेच नव्हते. दिरांचे म्हणणे असे की पणजीच्या फोंतैन्हासमधील घरे गडद पिवळी, निळी, तांबडी असूनही किती प्रसन्न दिसतात; मग आपल्याकडेच फिका रंग कशासाठी?

जुन्या घरांची दुरुस्ती करणारा (डिचोली):
वहिनी, फोंतैन्हासचे ते रंग रस्त्यावरून, उन्हात आणि पांढऱ्या किनारींसह पाहिले जातात, म्हणून खुलतात. तोच पिवळा काळोख्या माजघरात भिंतभर दिला, तर खोली आणखी आक्रसेल. दिरांची हौस पडवीच्या बाहेरील भिंतीवर अवश्य पुरवावी.

दुसरी गोष्ट ओलीची. चिरा सच्छिद्र असतो आणि पाणी शोषून घेतो. त्यावर प्लास्टिक इमल्शनचा थर दिला की ओल आत कोंडते आणि फोड येऊन रंगाचे पापुद्रे सुटतात. डागाळलेली, बुरसटलेली भिंत कोणत्याही रंगाची असली तरी मन खिन्नच करते. भिंतीवर चुन्याचा गिलावा असेल, तर चुन्याच्या सफेदीतच थोडी पिवळी माती मिसळून घ्या. भिंती ओल्या असतील तर चवथीची घाई करू नये. पाऊस सरल्यावर, त्या पूर्ण वाळल्या की काम काढावे. तोवर ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप) निळसर पांढरा दिवा असल्यास तो काढून २७०० ते ३००० केल्विनचे, पिवळसर उजेडाचे दोन दिवे वेगवेगळ्या कोपऱ्यांत लावून पाहा. मात्र सासूबाईंची उदासी पाऊस ओसरल्यावरही राहिली, तर रंगाऱ्याऐवजी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.