पेंढ्यापासून इथेनॉल: उष्णता सोसणाऱ्या विकरांवर पैसा लावावा का?

ऊसकरी (धागालेखक):
पाचटावर शेणकाला मारून ढीग रचला की आठवड्याभरात त्याच्या पोटात हात ठेववत नाही, आणि कुजण्याचे काम त्याच उष्णतेत झपाट्याने चालते. असे काम करणाऱ्या जीवाणूंची विकरे, म्हणजे एन्झाइम, इथेनॉलच्या कारखान्यात आणायला हवीत, असे माझे ठाम मत आहे. पेंढ्यातले सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी, विकरे ती तोडून साखर सोडवतात; लिग्निन या चिवट घटकाच्या वेढ्यातून ते मोकळे व्हावे म्हणून पेंढा आधी १६० ते २०० अंश सेल्सिअसला वाफवतात. पुढे मात्र तो लगदा ५० अंशांच्या आसपास निववावा लागतो, कारण ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीची नेहमीची विकरे त्यापुढे फार काळ तग धरत नाहीत, आणि साखर सुटायला दोन-तीन दिवस जातात. कामचात्काच्या गरम झऱ्यांत सापडलेला कॅल्डिसेल्युलोसिरप्टर बेसाय हा जीवाणू ७५ अंशांच्या पुढेही वाढतो. त्याचे सेल-ए हे विकर सेल्युलोजच्या तंतूंत खड्डे पाडत आत शिरते. शिवाय गरम लगदा पातळ राहतो आणि साखर फस्त करणारे लॅक्टिक जीवाणू त्यात टिकत नाहीत. सार्वजनिक संशोधननिधी इकडे वळावा.

रसायनी:
विकरे चांगली आहेत, पण गाडा तिथे अडलेला नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातील एमेट्सबर्गचा असाच कारखाना २०१४ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्याने इथेनॉल काढणे थांबवले. त्याच राज्यातील नेवाडाचा ड्यूपाँटचा कारखाना २०१५ मध्ये उघडला आणि दोनच वर्षांत विकायला काढला गेला. तो घेणारी व्हर्बिओ कंपनी तिथे मक्याच्या धाटांपासून बायोमिथेन, म्हणजे जैविक वायू, करू लागली, ज्यासाठी विकत घेतलेली विकरेही लागत नाहीत आणि साखरेचे इथेनॉल करणारे यीस्टही लागत नाही. पानिपतचा इंडियन ऑइलचा प्रकल्प पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर उभा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले तेव्हा वर्षाला २ लाख टन पेंढ्यापासून ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनामागे १५० लिटर, असे उद्दिष्ट सांगितले गेले. एवढा पेंढा कापणीनंतरच्या मोजक्या आठवड्यांत गोळा करून वर्षभर कोरडा ठेवायचा असतो. पैसा गाठी बांधण्यावर आणि साठवणुकीवर लावा.

भट्टीकर:
मी आंबवण विभागात आहे. यीस्टला ३० ते ३५ अंश लागतात, तेव्हा लगदा आज ना उद्या निववावाच लागणार.

ऊसकरी:
भट्टीकर, निववावा लागणार हे मान्य, पण साखर आधीच सुटलेली असेल तर गाळलेला पातळ रस निववणे हे घट्ट लगदा निववण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे, आणि दोन-तीन दिवसांचे काम एका दिवसावर आले तर टाक्याही कमी लागतील. रसायनी, साठवणुकीचा खर्च मीही नाकारत नाही, पण गाठी कितीही चांगल्या बांधल्या तरी विकरांचे बिल दर टनाला भरावेच लागते.

रसायनी:
मग तुमच्या विकरांची चाचणी धुतलेल्या सेल्युलोजवर न होता शेतातून मातीसकट आलेल्या पेंढ्यावर व्हावी. लिग्निन विकरांना चिकटवून धरते आणि काही विकरांच्या बाबतीत तापमान वाढले की ती चिकटही वाढते, त्यामुळे स्वच्छ नमुन्यावरचा वेग कारखान्यात मिळेलच असे नाही. लिटरमागे किती विकर लागले, हा आकडा तिथून आला तर मी माझे मत पुन्हा तपासेन.