मदत हवी आहे: हेल्थ इन्शुरन्सचे टॅक्स फॉर्म १०९५-ए (मार्केटप्लेसचा) आणि १०९५-सी (कंपनीचा) दोन्ही आलेत, रिटर्न कसा भरायचा?

आम्ही न्यू जर्सीत, चौघं. नवऱ्याची नोकरी गेल्यावर मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी इन्शुरन्स बाजारातला, प्लॅन घेतला होता सबसिडीसकट (हप्त्यात सरकारी मदत), मग मेपासून नव्या कंपनीचा इन्शुरन्स चालू झाला, म्हणून आता दोन्ही फॉर्म हातात. सी नुसता जपून ठेवायचा आणि ए वरनं ८९६२ (सबसिडीचा हिशोब जुळवायचा फॉर्म) भरावाच लागतो, नाहीतर ई-फाइल रिजेक्ट, इतपत कळलंय. पण घोळ असा की जुना प्लॅन मे अखेरीस बंद झाला, त्यामुळे ए मध्ये मेचीही सबसिडी दिसतेय आणि सेकंड लोएस्ट सिल्व्हरचा (ज्या प्लॅनच्या किमतीवरनं सबसिडी ठरते त्याचा) रकाना त्या महिन्याला कोराच. मग मेची सबसिडी पूर्ण परत करायची का? करेक्टेड फॉर्म मागवू की तसंच फाइल करू? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, इथले सीपीए (टॅक्स भरून देणारे अकाउंटंट) एवढ्याशा फॉर्मचे वेगळे पैसे लावतात हो.