पोर्टिंगला ‘स्थलांतर’ म्हणावं का?

ऐरोलीकर
एक जुनं ॲप्लिकेशन ओरॅकल या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचं काम, म्हणजे पोर्टिंग, महाप्याच्या ऑफिसात चालू आहे. त्याचं टिपण मराठीत द्यायचंय. ‘स्थलांतर’ लिहू का? ‘पोर्टेबल’साठी कोशातल्या ‘सुवाह्य’वर टीममध्ये हशा पिकला.

घोडबंदरकर
डेटापुरतं ‘स्थलांतर’ ठीक. ओळी इथून उचलल्या, तिथे ठेवल्या. ॲप्लिकेशनचं इतकं सोपं नसतं. दोन्हीकडे डेटाबेसशी बोलायची भाषा एसक्यूएलच, पण अर्थ लावण्यात फरक. ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला (एकही अक्षर नसलेल्या मजकुराला) नल, म्हणजे ‘माहितीच नाही’, समजतं; पोस्टग्रेस दोन्ही वेगळे मानतं. मधलं नाव नल असताना नावाचे तीन तुकडे दोन उभ्या दांड्यांनी (||, ही जोडायची खूण) जोडले, तर ओरॅकल उरलेलं नाव देतं. पोस्टग्रेसमध्ये अख्खं नावच नल! ओरॅकलच्या ‘डेट’मध्ये वेळही असते, पोस्टग्रेसच्या ‘डेट’मध्ये नुसती तारीख. यातल्या कशालाच एरर येत नाही, हीच खरी डोकेदुखी. ओरॅकलचं खास ‘कनेक्ट बाय’ परवडलं, निदान पोस्टग्रेसमध्ये पहिल्याच फटक्यात आपटतं.

मराठी मजकुराचा मात्र फायदाच होतो. ‘नवी मुंबई’ यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत २५ बाइट. ओरॅकल मूळ सेटिंगमध्ये रकान्याची लांबी बाइटांत मोजतं, त्यामुळे २०च्या रकान्यात ते मावत नाही. पोस्टग्रेस काना-मात्रा धरून चिन्हं मोजतं, ती ९च.

तेव्हा ॲप्लिकेशनसाठी मी ‘नव्याने बेतणे’ म्हणेन. कापड तेच, माप दुसऱ्याचं.

कोपरीची
इतकं कशाला? ‘नंबर पोर्ट केला’ हे २०११पासून भाजीवालेही म्हणतात. नंबर तोच, कंपनी बदलली. वापरणाऱ्याला ॲप्लिकेशनही तसंच जुनं वाटायला हवं ना? ‘पोर्टिंग’च ठेवा. फक्त कुणी न्हावा-शेवाशी नातं जोडू नका; हा शब्द वाहून नेणे या अर्थाच्या लॅटिन ‘पोर्तारे’वरून आलाय, बंदरावरून नाही.

ऐरोलीकर
‘बेतणे’ झकास आहे हो, पण आमच्या साहेबांना त्यात ‘जिवावर बेतणे’च ऐकू येईल. ‘डेटाचे स्थलांतर’ आणि ‘ॲप्लिकेशनचे पोर्टिंग’ असं वेगवेगळं लिहितो.

घोडबंदरकर
चालेल. खर्चाच्या अंदाजातही ते वेगळेच दाखवा आणि चाचण्यांचे दिवस पोर्टिंगमध्ये धरा. एकत्र लिहिलंत की वरचे लोक नुसता डेटा हलवायचा वेळ मोजतात.