तारा तुटला, की अजून काही? सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवरून रात्री साडेदहाच्या सुमारास उत्तरेला एक हिरवट गोळा सरकताना दिसला. एक, दोन, तीन म्हणेस्तोवर विझला. आई म्हणाली तारा तुटला, शेजारचे काका म्हणाले ड्रोन. तुम्हीही असं काही पाहिलं असेल तर लिहा. किती वेळ टिकलं, कुठल्या दिशेला, रंग, आवाज, आठवेल तसं.

रात्रपाळी
अक्कलकोट रोड एमआयडीसीतून पहाटे तीनला सायकलवर निघालो होतो. एकदम उजेड पडला, रस्त्यावर माझीच सावली पळाली! पूर्वेला पांढरा गोळा खाली गेला. मला वाटलं, मागच्या माळावरच पडला. सकाळी दोघं जण शोधायला गेलो की ओ! बाभळी आणि प्लॅस्टिक, दुसरं काही नाही. संध्याकाळी गुलबर्ग्याच्या मेव्हण्याचा फोन आला. त्यालाही तो पूर्वेलाच दिसला होता. म्हणजे आमचा माळ कुठं, तो कुठं! उल्का ऐंशी-शंभर किलोमीटर उंचावर पेटते, त्यामुळे लांबची असली तरी मागच्याच गल्लीत पडल्यासारखी वाटते, हे नंतर कळलं.

आगटीवाला
मंगळवेढ्याकडे मामांच्या रानात, 14 डिसेंबरची पहाट. हुरडा अजून कोवळा होता, आम्ही नुसतेच जागे. आगटीजवळ बसून काही दिसेना. लांब बांधावर जाऊन आडवे झालो, वीसेक मिनिटांनी डोळे अंधाराला सरावले आणि मग एकामागून एक. रेघा मागे ओढल्या की सगळ्या पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ जात होत्या. हा मिथुन राशीतला उल्कावर्षाव, फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीचा. मामी प्रत्येक वेळी 'राम राम' म्हणत होत्या, शेवटी दमल्या.

पूर्वी_नागपूर
2 एप्रिल 2022 ला मी नागपुरात होतो. रात्री आठच्या आसपास पेटते तुकडे रांगेनं, निवांत, जवळजवळ आडवे जात होते. बायकोला हाक मारून ती बाहेर येईपर्यंत दिसत होते. उल्का इतकं थांबते होय? ती सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगानं येते, कक्षेतून पडणारा कचरा साताठ किलोमीटरनं. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं सापडलं. चिनी रॉकेटचा टप्पा असावा, असं तज्ज्ञांनी सांगितलं.

कंबर_तलाव
गड्ड्याच्या जत्रेतलं शोभेचं दारूकाम धरायचं का? 😄 बाकी एका रेषेत दिव्यांची आगगाडी पाहिलीय. ते स्टारलिंकचे इंटरनेटचे उपग्रह निघाले.

धागाकर्ता
आवाज आला नव्हता. अर्थात साठ किलोमीटरवरून यायला तीन मिनिटं लागतात, आणि मी तोवर खाली जाऊन सगळ्यांना सांगत होतो. बार्शीतून कुणी पाहिला का? तुम्हाला दक्षिणेला दिसला असेल तर आपल्या मधूनच गेला.

बार्शी
पाहिला. आम्हालाही उत्तरेलाच.

धागाकर्ता
मग आता बीडकरांना गाठायला पाहिजे.